काठावर नाव

दोघं आली तेव्हा मी पुठ्ठ्याला भोकं पाडत होतो.
अक्कलकोट रोडचं शेड, दुपार, वीज नुकतीच परतलेली,
माग एकदम सुरू झाले
आणि बोलणं ओठांवरून वाचावं लागलं.
'मामा, चादरीच्या काठावर एक नाव पाहिजे.'
'कुणाचं?'
'आमचं.'
'मग दोन की बे. एक कसं?'

मुलगा इरण्णा. बाळीवेशीत मोबाईलच्या काचा बदलतो.
मुलगी नागमणी, आमच्याच विडी घरकुलातली,
यमुलांची, बी.कॉम. झालेली.
हिशेबाच्या वहीचं मागचं पान तिनं फाडून आणलेलं,
त्यावर दोन्ही नावं
मेथीची जुडी निवडावी तशी खुडून ठेवलेली.

आधी नागण्णा जमलं होतं म्हणे.
पण नागण्णा तर कोपऱ्यावरचा गिरणीवाला,
भुवयांवर बारा महिने ज्वारीचं पीठ.
त्याच्या नावाची चादर पांघरून
संसार कसा करायचा?
मग राहिलं ते दुसरं:
इरमणी.

तिचा बाप म्हणाला, पोरीचं पेरु मोडायचं नाही.
आमच्या तेलुगूत पेरु म्हणजे नाव.
पहिलीत मी मास्तरांना सांगितलं होतं,
माझा पेरु मल्लेशम,
तर मधल्या सुट्टीत पोरांनी माझे खिसे तपासले.

इरण्णाच्या अव्वाला समोरचे दात नाहीत.
कडक भाकरी विकते, स्वतःची दुधात भिजवून खाते.
तिच्या तोंडात ण टिकला नाही.
'इर... मनी?'
परातीवरचा हात तसाच थांबला.
त्यांच्यात इरु म्हणजे राहा. मनी म्हणजे घर.
'चलो ऐती,' ती म्हणाली
आणि पुढची भाकरी थापायला घेतली.
पोरं एकमेकांकडे बघत राहिली.
हे त्यांनी नावात घातलंच नव्हतं.

मी कामाला लागलो.
आमच्या धंद्यात अक्षर लिहीत नाहीत, पाडतात.
भोक असेल तिथं धागा वर येतो,
नसेल तिथं खाली दबून राहतो.
इ ला फार पुठ्ठे गेले, तिचा शेपटा वळता वळेना.
र आणि म यांच्यामध्ये, जिथं तो संपतो आणि ती सुरू होते,
मी उगाच दोन धाग्यांची जागा सोडली होती.
रात्री साडेअकराला परत जाऊन बुजवली.
रेघ वरून सलग गेली पाहिजे.

चादर निघाली. निळ्यावर पांढरं,
उलटून बघितलं तर पांढऱ्यावर निळं,
आणि तिथं नाव उलटं. 'चालतंय,' नागमणी म्हणाली,
'ती बाजू आतून.'

वहीच्या पानावर मात्र तुकडे पडून होते.
त्याचा अण्णा, तिचा नाग.
लग्नात नागण्णा गिरणीवाल्यानं ते जोडून वाचलं
आणि इतका हसला की भुवयांतलं पीठ
अक्षतांत मिसळलं.
'म्हणजे उरलंसुरलं मीच की!'
त्याला पहिल्या पंगतीला बसवलं.

मी घरी आलो. राजव्वा विड्या वळत होती,
सुपात पानं, मांडीवर कात्री.
मनात म्हटलं, आपलंही करून बघू,
मल्लेशम, राजव्वा, मल्लव्वा, राजेशम...
एकतीस वर्षांत या नावांनी
आम्ही एकमेकांना हाकच मारलेली नाही.
ती मला म्हणते एमय्या.
मी तिला म्हणतो एमे.
दोन्हीतलं एम म्हणजे काय.
नुसतं काय.

'एमय्या,' तिनं मान वर न करता विचारलं,
'जेवून आलास का तसाच?'
'एमे,' मी म्हटलं,
आणि दोऱ्याचं रीळ तिच्या बाजूला सरकवलं.